कागद फाटला म्हणून नापास

तुम्ही खोटं बोललात, साहेब. नाव घेत नाही. खुर्ची तीच राहते, नावं बदलतात. मुलुंडच्या त्या हॉलमध्ये, एसीच्या गारव्यात, माइक धरून तुम्ही म्हणालात की कपड्याच्या धंद्यात कुशल हातच मिळेनासे झालेत, त्याला आम्ही तरी काय करणार. टाळ्या पडल्या. समोसे वाटले गेले. त्याच दुपारी, तिथून चालत दहा मिनिटांवर, तेहतीस वर्षं बाह्या लावलेली एक बाई गाळ्यात धागे कापत बसली होती, आणि तिला मशिनवरून उठवून तिथे बसवलं होतं तुमच्याच प्रशिक्षण खात्याच्या कागदापायी. तिचं पुढे बरं झालं. ते तुमच्यामुळे झालं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तेही तुम्ही अहवालात घालाल.

बाईचं नाव रत्नप्रभा घाडीगावकर. वय छप्पन. लग्न होऊन कणकवलीकडून कांजूरमार्गला आली आणि तेविसाव्या वर्षी मशिनवर बसली. शिक्षण सातवी. तिला विचारलं असतं की तुम्हाला काय येतं, तर ती म्हणाली असती, "बाही लावता येते." एवढंच. ह्या एवढंच म्हणण्यानेच तिची वाट लागली.

बाही लावणं म्हणजे काय ते ज्यांनी फक्त शर्ट घातलेत त्यांना कळत नाही. खांद्याशी जे गोल भोक असतं त्याला मुंढा म्हणतात. बाहीचा वरचा गोल त्या मुंढ्यापेक्षा बोटभर मोठा कापलेला असतो. मुद्दाम. ते बोटभर जास्तीचं कापड एकही चुणी न पाडता मुंढ्यात मुरवायचं. खालचा पदर डाव्या बोटांनी किंचित धरून ठेवायचा, वरचा उजव्या बोटाने सुईच्या तोंडाशी ढकलत न्यायचा. किती ढकलायचं हे कुठे लिहिलेलं नाही. सुती कापड वेगळं, टेरीकॉट वेगळं. नीट मुरलं तर घालणारीचा हात सरळ डोक्यावर जातो आणि बाही आहे हे तिच्या लक्षातही येत नाही. रत्नप्रभा एक बाही पाऊण मिनिटात लावायची, आणि लावता लावता शेजारच्या बटणहोल मशिनवरच्या पेट्रिशियाशी भांडायची.

गाळा निलेशशेठचा. मुलुंड पश्चिमेला, इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर. इस्पितळांसाठी नर्सचे गणवेश शिवायचे: टॉप आणि पँट, आकाशी रंग. मशिनी बेचाळीस. चालू चोवीस. बाकीच्यांवर प्लास्टिक घातलेलं. तिथे बसणारे कारीगर सणाला गावी गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या गावाजवळच कारखाने निघाले, आणि जे इथे राहिले ते खांद्याला पिशव्या अडकवून जेवणाचे डबे पोचवायला लागले, कारण तिथे निदान पाठ मोडत नाही. चूक काय केली त्यांनी? गाळ्यातच झोपवायचं, गाळ्यातच जेवायला लावायचं आणि मग म्हणायचं कारीगर टिकत नाहीत!

तर माणसं नाहीत म्हणून निलेश आधीच डोकं धरून बसला होता. त्यात गणवेश घेणाऱ्या मोठ्या कंपनीचा तपासनीस आला. हातात यादी. म्हणाला, महत्त्वाच्या मशिनींवर सरकारी प्रमाणपत्र असलेलीच माणसं हवीत. बाही हे महत्त्वाचं काम. रत्नप्रभाकडे प्रमाणपत्र?

"माझ्याकडे बाह्या आहेत," रत्नप्रभा म्हणाली. "मोजून घ्या."

तपासनिसाला विनोद कळला नाही. पेट्रिशिया वाचली, कारण तिने अठ्ठ्याऐंशी साली कांजूर गावातल्या चर्चमागच्या सिस्टरांच्या सरकारमान्य शिवणवर्गात फ्रिल शिकून एक प्रमाणपत्र मिळवलं होतं आणि ते लॅमिनेट करून ठेवलं होतं. त्यानंतर आयुष्यात तिने एकदाही फ्रिल शिवली नव्हती.

निलेशने रत्नप्रभाला केबिनमध्ये बोलावलं. बोलताना तो टेबलावरच्या कात्रीशी खेळत होता.

"मावशी, थोडे दिवस धागाकटिंगच्या टेबलावर बसा. मी बघतो काहीतरी."

"थोडे म्हणजे?"

"बघतो ना मी."

धागाकटिंग म्हणजे तयार कपड्यावर लोंबणारे दोरे कापायचे. काल आलेल्या पोरींचं काम. रत्नप्रभा तिथे पाच महिने बसली. पाच महिन्यांनी कळलं की दोरे ओढून कापणारं एक यंत्र येतंय, एक तारखेला. यंत्र आलं की टेबल जाणार, टेबलावरच्या बायकाही जाणार. म्हणजे एक तारखेच्या आत तिला मशिनवर परत जायला हवं होतं, नाहीतर घरी. आणि छप्पन वर्षांच्या बाईला घरी म्हणजे घरीच. दुसऱ्या गाळ्यातही पहिला प्रश्न तोच असणार, प्रमाणपत्र कुठाय.

त्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी बारा पोरी आल्या. दिंडोशीच्या एका सरकारी प्रशिक्षण केंद्रातून, गळ्यात ओळखपत्रं, फायलीत प्रमाणपत्रं. निलेश असा हसत होता जसा पोरीच्या लग्नात बाप हसतो. प्लास्टिकं काढली, मशिनी पुसल्या. अकरा नंबरच्या मशिनवर, म्हणजे रत्नप्रभाच्या मशिनवर, श्रुतिका नावाची बावीस वर्षांची मुलगी बसली. तिला शंभरात ब्याण्णव मार्क होते.

"ब्याण्णव!" पेट्रिशिया मोठ्याने म्हणाली. "रत्ना, तुला सातवीत किती होते गं?"

"गप बस."

"नाही, आपलं सहज."

रत्नप्रभा टेबलावरून बघत राहिली. मुलगी सरळ बसायची. मशिन झकास पळवायची. शिलाई रेघेसारखी सरळ. पण तिचे हात बघून रत्नप्रभाला काहीतरी खटकायचं. दोन्ही पंजे कापडावर सपाट ठेवलेले, बोटं वर उचललेली. कापड असं कुणी धरतं का?

चौथ्या दिवशी अकरा नंबरच्या मशिनखालचा कचऱ्याचा डबा ओतताना तिला आकाशी रंगाचे तुकडे दिसले. बोटाएवढे, एका बाजूने गोल, पन्नासेक तरी. कापडाचा इतका बारीक तुकडा कापणीच्या टेबलावर निघत नाही. तिने एक उचलून उजेडात धरला आणि तिला कळलं. पोरगी बाही मुंढ्याला लावत जायची, शेवटी बोटभर बाही जास्त उरायची, आणि ती ते जास्तीचं कात्रीने कापून टाकायची!

म्हणजे सगळे टॉप वरून सुंदर. घालणाऱ्याने हात वर केला की संपलं.

तिने ते तुकडे रुमालात बांधले. मनात म्हणाली, आता दाखवते निलेशला. ही उठेल, मी बसेन. त्या क्षणी तिला पोरीची काडीचीही दया आली नाही, आणि ती यायला हवी होती असंही नाही. स्वतःचं मशिन होतं ते.

पण त्याच दिवशी निलेशने सांगितलं की जुन्या कामगारांसाठी सरकारची एक दिवसाची परीक्षा असते. शिकायला जायला नको, येतं ते दाखवायचं आणि प्रमाणपत्र घ्यायचं. शनिवारी परीक्षक गाळ्यातच येणार. "मावशी, तुम्हाला काय, डोळे मिटून पास व्हाल," तो म्हणाला. रत्नप्रभाने रुमाल पर्समध्ये टाकला. आधी परीक्षा, मग रुमाल.

शनिवारी परीक्षक आला. भीमराज नाव. तिशीतला, दमलेला, टॅब्लेट घेऊन. वीस प्रश्न टॅब्लेटने वाचून दाखवले, चित्रावर बोट ठेवायचं. ते तिने निभावले. मग भीमराजने बॅगेतून एक कागद काढला. त्यावर छापलेल्या रेघा, चौकोन आणि एक गोगलगाईसारखा गोल.

"ह्यावरून शिवा. दोरा नको. नुसत्या सुईने."

"कागदावर?"

"कागदावर."

"आणि कापड?"

"माझ्या यादीत कापड नाही, बाई. कागद आहे."

रत्नप्रभा बसली. अकरा नंबरच्या मशिनवर, पाच महिन्यांनी. मशिनने तिला ओळखलं. पॅडल दाबताच तोच आवाज. तिचे हात आपोआप कामाला लागले. डाव्या बोटांनी धरलं, उजव्या बोटाने ढकललं, आणि कागद सुईच्या तोंडाशी गोळा होऊन टर्रकन फाटला.

दुसरा कागद. तोही फाटला, भोकांच्या रेघेवरून, डाकेचं तिकीट फाटावं तसा. तिसरा चौकोनाच्या कोपऱ्यावर फाटला. कागदाला मुरवायचं काहीच नसतं, आणि तिच्या बोटांना मुरवल्याशिवाय राहता येत नव्हतं. तेहतीस वर्षांचं शहाणपण तिथे बसून कागद फाडत होतं. तिचे कान तापले. मालवणी बाहेर पडली.

"मेल्यांनो, माका कागद शिवूक येणा नाय! कोण घालता कागद अंगात?"

भीमराज वाईट माणूस नव्हता. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, मला कळतंय. पण इथे 'कागद फाटला' असं बटण आहे. 'का फाटला' असं बटण नाही." मग त्याने ते बटण दाबलं. "पंधरा दिवसांनी परत येईन. एक संधी मिळते. एकच."

पंधरा दिवसांनी म्हणजे एकोणतीस तारीख. आणि एक तारखेला यंत्र.

ती जिन्यात जाऊन बसली. पाठोपाठ श्रुतिका आली. हातात पाण्याची बाटली.

"काय बघायला आलीस? हसायचं असेल तर हस."

"काकी, मी शिकवू?"

"काय?"

"कागद." मुलगी एक पायरी सोडून बसली. "मला तेच येतं. फक्त तेच येतं."

मग सगळं बाहेर आलं. केंद्रात तीन महिने ह्या पोरी कागदावरच शिवत होत्या. आधी छापील कागद, ते संपले तेव्हा जुनी वर्तमानपत्रं, मग कुठल्याशा शाळेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका. कापड येणार आहे, सर म्हणायचे. पुढच्या आठवड्यात येणार आहे. एकदा आलं, दोन मीटर लाल कापड. ते मशिनवर ठेवून सगळ्यांचे एकेक करून फोटो काढले आणि कापड घडी करून परत नेलं. परीक्षाही कागदावर. ब्याण्णव मार्क कागदावर.

"मी घरी सांगितलंय मला नोकरी लागली," श्रुतिका म्हणाली. "आता रोज भीती वाटते. बाही उरते, काकी. दर वेळी उरते. मला वाटतं मी कुठेतरी चुकीचं मोजते, म्हणून मी…"

"कापून टाकतेस."

मुलीने चेहरा लपवला.

रत्नप्रभाच्या पर्समध्ये रुमाल होता. तिला तो तिथल्या तिथे काढता आला असता. तिने काढला नाही. लगेच काही प्रेमबीम वाटलं असं नाही. तिला एवढंच दिसलं की ह्या पोरीलाही तिच्याइतकंच फसवलंय, फक्त उलट्या बाजूने.

"तुका कोणी सांगल्यान कापूक?" ती ओरडली. "बाही उरली की कापायची असते? उद्या लेक उंच झाली तर पाय कापशील तिचे?"

श्रुतिका रडता रडता हसली. आणि रत्नप्रभाला, खरं सांगायचं तर, पाच महिन्यांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. आपल्याला येत नाही असं नव्हतं. आपल्याला विचारलंच भलतं होतं.

सोमवारी साठ टॉप परत आले. एका इस्पितळात नर्सने सलाइनची बाटली वर अडकवायला हात उचलला आणि बाही काखेतून टराटर उसवली. निलेश गाळ्याच्या मध्यभागी उभा राहून ओरडला, "कुणी केलंय हे? अकरा नंबर! हिला मी आजच्या आज…"

"निलेश," रत्नप्रभा टेबलावरून उठली. शेठ नाही, नुसतं निलेश; त्याच्या बापाच्या वेळेपासून ती तिथे होती. "हिला काढलीस तर उद्या तिथे कोण बसणार? तू?"

"मावशी, तुम्ही मध्ये पडू नका."

"पडणार. तुझ्याकडे बेचाळीस मशिनी आणि चोवीस माणसं. पोरीला कापड कधी दाखवलंच नाही कुणी. मला पंधरा दिवस दे. जेवणाच्या सुट्टीत मी तिला कापड शिकवते, ती मला कागद शिकवेल. तुझं काय जातं? चिंध्या आणि रद्दी."

निलेशने तिच्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. मग खुर्चीत बसला. "ह्यापेक्षा वेगळं मला करता येणार आहे का काही?" तो म्हणाला.

बारा पोरींपैकी तोवर नऊ निघून गेल्या होत्या. कुणी काढलं नव्हतं. शरमेने गेल्या. प्रमाणपत्र आहे आणि काम येत नाही, म्हणजे दोष आपलाच असणार, असं धरून गेल्या. उरल्या तीन. तिघींनाही रत्नप्रभाने बसवलं, पण तिचा सगळा जीव श्रुतिकावर.

"हात दे." तिने मुलीच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. "हा पंजा उचल. कापड दाबायचं नाही. दाबलंस की ते हटून बसतं. खालच्याला धर, हलकं, पोर झोपलंय आणि तू त्याचा झगा धरलायस तसं. आणि वरच्याला पुढे लोट. लोट. आणखी. अगो, घाबरतेस काय, फाटणार नाही, कापड आहे ते!"

पहिल्या बाहीला चुण्या पडल्या. दुसरीला पडल्या. सहावीला एकच पडली. चौथ्या दिवशी श्रुतिकाने एक बाही लावली, सुई वर घेतली आणि घाबरत घाबरत टोक बघितलं. काही उरलं नव्हतं. तिने परत मोजलं. मग उलटून चुण्या शोधल्या. नव्हत्या.

"पॅट, घाल," रत्नप्रभा म्हणाली.

पेट्रिशियाने तो टॉप आपल्या ड्रेसवरूनच चढवला आणि दोन्ही हात छताकडे केले, प्रार्थनेत करतात तसे. "हालेलुया! बाय गं, काय लावलीय बाही! उसवत नाही, ओढत नाही. आता मी सलाइन पण लावू शकते. कुणाला लावू? निलेशला लावू?"

गाळा हसला. निलेशही केबिनच्या काचेमागे हसला, मग आपण हसलो हे लक्षात येऊन फोनवर बोलायला लागला. श्रुतिकाने ती बाही कितीदा तरी हाताने चाचपली.

उलट्या बाजूचं शिक्षण मात्र अवघड. श्रुतिका रोज रद्दी आणायची, पेनाने रेघा, चौकोन, गोगलगाय काढायची, आणि रत्नप्रभा फाडायची.

"काकी, कागदाला काही द्यायचं नाही. तो आपला आपण जातो. तुम्ही फक्त वळवा."

"मी कुठे काय देते?"

"बोटं बघा तुमची."

बोटं ढकलत असायची. रबरबँड बांधून बघितले, बोटांना चिकटपट्टी लावून बघितली. काही नाही. बोटं ऐकेनात. पंचवीस तारखेपर्यंत एकही चौकोन धड निघाला नव्हता, आणि रत्नप्रभाने घरी धुवायच्या कपड्यांच्या घड्या घालताना सुनेला सांगून टाकलं होतं की एक तारखेपासून मी घरीच आहे, तुला मदत होईल. दोघींनाही ती मदत नको होती.

सव्वीस तारखेला पेट्रिशिया पुतणीच्या साखरपुड्याहून आली, नखं लालबुंद. बटणहोलच्या मशिनवर ती अशी बसली होती की दहाही बोटं हवेत.

"काय झालं?" श्रुतिकाने विचारलं.

"ओलं आहे अजून. बसमध्ये दुसरा हात मारला. टेकलं की वाट लागेल."

श्रुतिका तिच्या हातांकडे बघत राहिली. पंजे टेकलेले, बोटं वर. केंद्रात सर जसं सांगायचे अगदी तसं.

"पेट्रिशियाआंटी, बाटली आहे का जवळ?"

रत्नप्रभाने आयुष्यात नखं रंगवली नव्हती. तिने आरडाओरडा केला, मी काय नाटकात काम करते का म्हणाली, सून काय म्हणेल म्हणाली. दोघींनी तिला धरून रंगवलं. गुलाबी, कारण लाल रंग तिने ठाम नाकारला. आणि ओल्या नखांनी ती कागदापुढे बसली. नेलपॉलिश पुसलं जाईल ह्या भीतीने बोटं वरच राहिली. पंजे टेकले, कागद सरकला, वळला. सरळ रेघ. कोपरा. दुसरा कोपरा. चौकोन पूर्ण झाला आणि फाटला नाही.

"हात मेल्या," रत्नप्रभा स्वतःच्याच हाताला म्हणाली. "तेहतीस वर्षं माझं ऐकलंस आणि शेवटी ह्या रंगाचं ऐकलंस?"

एकोणतीस तारखेला भीमराज आला. गाळ्यात शिरताच त्याने नाक वाकडं केलं.

"कसला वास येतोय?"

"स्पिरिट आहे," पेट्रिशिया म्हणाली. "इस्पितळाचं काम ना."

रत्नप्रभा दहा गुलाबी बोटं हवेत धरून मशिनवर येऊन बसली. भीमराजने बोटांकडे बघितलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि काही विचारलं नाही. टॅब्लेटवर त्यासाठीही बटण नसावं. त्याने कागद ठेवला. गाळ्यातल्या मशिनी एकेक करून थांबल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. ऐकू येत होता फक्त अकरा नंबरचा आवाज, हळू, खूप हळू, टक टक टक. रेघा झाल्या. चौकोन झाला. गोगलगाईच्या दुसऱ्या वळणावर तिचं उजवं बोट खाली आलं, सवयीने, आणि श्रुतिकाने श्वास ओढला. बोट कागदाला टेकायच्या आधी परत वर गेलं. तिसरं वळण. मधला ठिपका.

भीमराजने कागद उजेडात धरला. भोकांमधून खिडकी दिसत होती.

"एकसष्ट," तो म्हणाला. "साठ लागतात."

रत्नप्रभा बोटं तशीच हवेत धरून बसली. पेट्रिशियाने ओरडून घेतलं तिच्या वाटचं. श्रुतिकाने तिला मिठी मारली आणि गुलाबी रंग मुलीच्या पांढऱ्या कुर्त्याला लागला, तो आजही निघालेला नाही. निलेशने वडापाव मागवले, सगळ्यांना, भीमराजलाही. तो खाताना म्हणाला, "बाई, एक विचारू? आता कापडावर दाखवाल? यादीसाठी नाही. मला बघायचंय."

तिने त्याच बोटांनी एक बाही लावली. पाऊण मिनिट. भीमराज हातातला वडापाव विसरला.

त्या दिवशी ती घरी गेली तेव्हा सुनेने नखं बघितली, मग चेहरा बघितला, आणि काय ते ओळखलं. रत्नप्रभा खुर्चीत बसली. पाय सोडले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय हे तिला पायांतून कळलं. सहा महिने ते आखडलेले होते आणि तिला पत्ताच नव्हता. "भात टाक," ती म्हणाली. "आणि सुकट असेल तर कर. भूक लागलीय गो मला."

एक तारखेला यंत्र आलं. टेबल गेलं. टेबलावरच्या दुसऱ्या दोघींना रत्नप्रभाने बंद मशिनींवर बसवून घेतलं, शिकाऊ म्हणून, निलेश काही बोलायच्या आत. ती अकरावर, श्रुतिका बारावर. साठ टॉप उसवून, नव्या बाह्या कापून परत शिवले. गेले, आणि परत आले नाहीत.

खरं तर इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आठवड्याने प्रमाणपत्र द्यायला मोठे साहेब स्वतः आले. हॉलमधले तेच. सोबत फोटोवाला, दोन माणसं, बुके. साहेबांनी रत्नप्रभाला मशिनसमोर उभं केलं. प्रमाणपत्राचं एक टोक साहेबांच्या हातात, दुसरं तिच्या हातात.

"हसा बाई."

हसायला तिला सांगावं लागलं नाही. ती अशी हसली की फोटोवाल्याने तीन फोटो जास्त काढले. आता तिला कुणी उठवणार नव्हतं. हातात कागद होता, मागे मशिन होतं, पायात ताकद होती.

"वा, वा," साहेब म्हणाले. "काही अडचण असली तर सांगा हं. आम्ही तुमच्यासाठीच आहोत." आणि प्रमाणपत्र सोडायला लागले.

तिने दुसऱ्या हाताने त्यांच्या बाजूचंही टोक धरलं, त्यांच्या अंगठ्यावरूनच. ते अडकले.

"अडचण माझी नाही साहेब. माझं झालं. बारा पोरी आल्या होत्या तुमच्या केंद्रातून. नऊ घरी बसल्यात. त्यांना वाटतं आपल्यालाच येत नाही. तीन महिने त्यांना उत्तरपत्रिका शिवायला लावल्या तुम्ही, आणि फोटोपुरतं लाल कापड दाखवून परत नेलं."

"ते… ते बघावं लागेल. माहिती घेतो मी."

"माहिती मी दिली ना आत्ता." ती अजून हसतच होती; सहा महिन्यांनी आलेलं हसू असं लगेच जात नाही. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. मशिनी थांबल्या. "त्यांच्या नावावर मंजूर झालेलं कापड कुठे आहे? आणि त्या नऊ जणींना परत बोलावून, कापड देऊन, तुम्ही कधी शिकवणार आहात? तारीख सांगा. मला घाई नाही, साहेब. मी इथेच उभी आहे. सांगा."